बाहेरची टाकी, कडाक्याची थंडी आणि तेलावरचा बॉयलर: इंधन कोणतं घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वस्तीपासून लांब असलेलं जुनं घर, गॅसची लाइन नाही. घर तापवायला आणि आंघोळीच्या पाण्याला तेलावर चालणारा बॉयलर. टाकी घरामागे उघड्यावर, तिथून बॉयलरपर्यंत तांब्याची नळी. हिवाळ्यात पारा उणे १० पर्यंत सहज जातो, कधी उणे १५. तेल पुरवणारा म्हणतो रॉकेल घ्या. शेजारी म्हणतो डिझेलच्या जातीचं हीटिंग ऑइल घ्या, त्यात उष्णता जास्त. आणि आता कुणीतरी एचव्हीओ नावाचं वनस्पतिजन्य इंधन सुचवलंय. कोणतं घ्यावं, आणि टाकीत उरलेल्या तेलात दुसरं ओतलं तर चालेल का?

माझं काम बर्नर (बॉयलरमध्ये तेल जाळणारा भाग) बसवण्याचं आणि त्यांच्या देखभालीचं. त्यामुळे उत्तर आधी सांगतो. टाकी आणि नळी उघड्यावर असेल आणि बॉयलरच्या पाटीवर रॉकेलला परवानगी असेल, तर रॉकेल घ्या. टाकी तळघरात किंवा बंद, उबदार खोलीत असेल तर डिझेलच्या जातीचं तेल (यापुढे त्याला जड तेल म्हणतो) चांगलं चालतं. एचव्हीओ इंधन म्हणून उत्तम आहे, पण बॉयलरच्या कंपनीची लेखी मान्यता आणि बर्नरची नवी मांडणी, दोन्ही लागतात. साधं बायोडिझेल बाहेरच्या टाकीत भरू नका.

शेजारी उष्णतेबद्दल बोलतो ते खोटं नाही, पण फरक किती ते पाहा. धुरातून निघून जाणाऱ्या वाफेची उष्णता वगळली, तर एक लिटर रॉकेल साधारण ९.६ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता देतं. जड तेल १० च्या आसपास, एचव्हीओ ९.५, बायोडिझेल ९ च्या किंचित वर. समजा तुमच्या घराला वर्षाला २०,००० युनिट उष्णता लागते आणि बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के आहे. मग रॉकेल लागेल सुमारे २,४५० लिटर आणि जड तेल २,३५० लिटर. वर्षभरात शंभर लिटरचा फरक, म्हणजे चार टक्के. बर्नरची हवा नीट लावलेली नसेल तर याहून जास्त उष्णता धुराड्यातून बाहेर जाते. धुराचं तापमान दर २० अंशांनी वाढलं की कार्यक्षमता ढोबळमानाने एक टक्क्याने उतरते, आणि काजळी धरलेल्या बॉयलरमध्ये ते ६०-८० अंश वर गेलेलं मी नेहमी पाहतो.

तेव्हा भावांची तुलना लिटरमागे करू नका. लिटरचा भाव त्या इंधनाच्या युनिटांनी भागा, मग खरं काय ते कळतं. जड तेल रॉकेलपेक्षा चार टक्क्यांहून महाग असेल तर उष्णतेच्या हिशेबात ते महागच. स्वस्त असलं तरी थंडीचा मुद्दा उरतोच, आणि तुमच्या घरी तोच सगळ्यांत मोठा आहे.

जड तेलात मेणाचा अंश असतो. उबेत तो तेलात विरघळलेला राहतो, गारठ्यात बाहेर येऊ लागतो. थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं तसंच. आधी तेल धुरकट दिसतं. ज्या तापमानाला हे होतं त्याला क्लाउड पॉइंट म्हणतात. आणखी गारठलं की मेणाचे कण फिल्टरच्या जाळीवर थर धरतात आणि तेल पुढे सरकत नाही. कुठल्या तापमानापर्यंत तेल ठराविक जाळीतून खेचता येतं हे सांगणारा आकडा म्हणजे सीएफपीपी. त्याच्याही खाली गेलात की तेल ओतताच येत नाही, तो पोर पॉइंट. विकणारे बरेचदा हा शेवटचा आकडा सांगतात, कारण तो सगळ्यांत खाली असतो आणि ऐकायला बरा वाटतो. तुम्हाला हवा आहे सीएफपीपी. पोर पॉइंट उणे २० असलेलं तेल उणे १० ला तुमचा फिल्टर बंद पाडू शकतं.

आता बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट. जड तेलाची उन्हाळी आणि हिवाळी प्रत वेगळी असते. ब्रिटिश मानकाचं उदाहरण घ्या: तिथे उन्हाळी प्रतीचा सीएफपीपी उणे ४ पर्यंत असला तरी चालतो, हिवाळी प्रतीला उणे १२ लागतो. लोक उन्हाळ्यात भाव उतरला की टाकी गच्च भरून घेतात आणि हुशारी केली असं समजतात. पैसे वाचतात खरे, पण टाकीत उन्हाळी तेल असतं आणि ते जानेवारीपर्यंत पुरतं. पहिल्या कडक रात्री बॉयलर बंद पडतो आणि मेकॅनिकला फोन येतो की 'तेल तर भरपूर आहे'. तुमच्याकडे उणे १५ होत असेल तर उणे १२ ची हिवाळी प्रतसुद्धा अपुरी आहे. जास्त थंड प्रदेशांसाठी त्याहून खालच्या प्रती मिळतात, पण मागून घ्याव्या लागतात आणि दाखला वाचून घ्याव्या लागतात.

एक साधी चाचणी घरच्या घरी करता येते. काचेच्या स्वच्छ बरणीत अर्धा लिटर तेल घ्या, झाकण घट्ट लावा, लेबल चिकटवा आणि ती रात्रभर टाकीच्या शेजारी, वाऱ्याच्या बाजूला ठेवा. सकाळी सूर्य वर यायच्या आत बरणी उजेडासमोर धरा. तेल आरपार स्वच्छ असेल तर काळजी नाही. दुधाळ झालं असेल, तळाशी पांढरट धुकं जमलं असेल, किंवा बरणी हळूच कलती केल्यावर काचेला पातळ साय चिकटून राहत असेल, तर ते मेण आहे. आणि तळाशी वेगळा, कडक, चमकणारा थेंब दिसला तर ते मेण नव्हे, गोठलेलं पाणी. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून हा फरक ओळखणं महत्त्वाचं. चाचणी अर्थात त्या रात्री जेवढी थंडी होती तेवढ्याचंच सांगते. पारा त्याहून खाली जाणार असेल तर पुरवठादाराचा दाखलाच हवा.

मेण रोखणारी रसायनं बाजारात मिळतात. चालतात, पण तेल अजून स्वच्छ असताना घातली तरच. एकदा मेण बाहेर आलं की ती ते परत विरघळवत नाहीत. ती कण मोठे होऊ देत नाहीत, एवढंच त्यांचं काम. रॉकेल मिसळणं हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. दर १० टक्के रॉकेलमागे क्लाउड पॉइंट ढोबळमानाने दीड-दोन अंशांनी खाली येतो. म्हणजे पाच-सात अंश खाली आणायचे तर ३०-४० टक्के रॉकेल घालावं लागतं, आणि तेवढं घालायचं असेल तर सरळ रॉकेलच का भरू नये, हा प्रश्न येतो. मिसळायचंच असेल तर टाकी रिकामी असताना आधी रॉकेल भरा, वरून जड तेल. जड तेल खाली बसतं, म्हणून उलट क्रमाने भरलं तर दोन थर तसेच राहण्याची शक्यता असते, आणि नळी खालचा थर ओढते.

रॉकेलला मेणाचा त्रास जवळजवळ नाही. त्याच जातीचं विमानाचं इंधन उणे ४० ला आणि त्याच्याही खाली वाहतं राहतं. म्हणून रॉकेल घेतल्यावर थंडीचं टेन्शन संपलं असं वाटतं आणि मग टाकीत साठलेलं पाणी डोकं वर काढतं. दिवसा टाकी तापते, रात्री गार पडते, टाकीच्या श्वासनळीतून (हवा आत-बाहेर जाण्याच्या नळीतून) दमट हवा आत येते आणि पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव धरतं. ते तळाशी जमतं. तळातून नळी निघत असेल तर पाणी फिल्टरच्या वाटीत येऊन बसतं आणि शून्याला गोठतं. तेल उणे ४० पर्यंत वाहणारं असलं तरी वाटीत बर्फाची चकती असेल तर बर्नरला थेंबही मिळत नाही. रॉकेल भरलेल्या घरांत हिवाळ्यात जी 'तेल गोठलं' अशी तक्रार येते ती बहुतेक वेळा हीच असते.

उपाय सोपे, फक्त थंडी सुरू व्हायच्या आधी करायचे. टाकी नळीच्या विरुद्ध टोकाकडे किंचित उतरती बसवा म्हणजे पाणी तिकडे जमेल, आणि तिथे निचऱ्याची तोटी ठेवा. पाणी आहे का हे पाहायला रंग बदलणारी पेस्ट मिळते. काठीच्या टोकाला लावून तळापर्यंत बुडवली की पाण्याची उंची कळते. फिल्टरची वाटी शरद ऋतूत एकदा रिकामी करून पुसून घ्या. थंडीत टाकी जितकी भरलेली तितकं आत दव कमी.

फिल्टर कुठे आहे हेही बघा. माझ्या मते बाहेर टाकीजवळ जाडसर जाळीचा फिल्टर असावा आणि बारीक कागदी फिल्टर घराच्या आत, बॉयलरजवळ. मेणाचे कण आधी बारीक जाळी धरतात, ती गारठ्यात ठेवायचं कारणच नाही. नळी उघडी असेल तर तिच्यावर पाणी न धरणारं बंद पेशींचं वेष्टण घाला. पण त्यावर फार विसंबू नका. वेष्टण उष्णता तयार करत नाही, आणि रात्रभर बर्नर बंद असला तर आतलं तेल बाहेरच्याइतकंच गार होतं. नळीचा जो एक मीटर वाऱ्यात, सावलीत, भिंतीच्या उत्तरेला लोंबकळतो, तेल कोणतं घ्यायचं ते तो ठरवतो. बाकी सगळी नळी जमिनीत खोल असली तरी काही उपयोग नाही.

एक नळी की दोन नळ्या, यानेही फरक पडतो. बर्नरचा पंप तासाला ४० लिटरच्या आसपास तेल फिरवतो, जळतं त्यातलं दोन-तीन लिटर. दोन नळ्यांच्या पद्धतीत उरलेलं सगळं परत टाकीत जातं. म्हणजे बाहेरच्या फिल्टरमधून जळणाच्या पंधरा-वीसपट तेल जातं, आणि तितकंच मेण, पाणी, गाळही. त्याऐवजी घरात हवा वेगळी काढणारं छोटं यंत्र बसवून एकाच नळीवर चालवलं, तर बाहेरून फक्त जळण्यापुरतं तेल येतं आणि उरलेलं घरातल्या उबेत गोल फिरत राहतं. खर्च फारसा नाही. जुनी दोन नळ्यांची व्यवस्था असलेल्या घरात इंधन बदलण्याआधी मी हे सुचवतो. कधी कधी त्यानंतर इंधन बदलायची गरजच उरत नाही.

अजून एक. जड तेल मेण धरायच्या आधीच दाट होतं, आणि दाट तेलामुळे बर्नर बिघडल्यासारखा वागतो. वाटतं असं की दाट तेल नोझलमधून (तेलाचा फवारा मारणाऱ्या बारीक तोंडातून) कमी जाईल. साध्या घरगुती नोझलमध्ये उलट होतं. तेलाची फिरकी मंदावते, मधली पोकळी लहान होते, जास्त तेल बाहेर पडतं, थेंब मोठे होतात आणि फवारा अरुंद होतो. हवा मात्र तेवढीच. परिणाम: उशिरा पेट, भप्प असा आवाज, काजळी. सकाळी पहिल्यांदा चालू होताना बॉयलर खोकल्यासारखा आवाज करत असेल आणि पंधरा मिनिटांनी शहाण्यासारखा वागत असेल, तर नोझल बदलण्याआधी तेलाचं तापमान बघा. काही बर्नरमध्ये नोझलच्या अलीकडे छोटा हीटर असतो, तो तेल ६०-७० अंशांपर्यंत नेतो. जड तेलासाठी असा हीटर असलेला बर्नर मिळाला तर जरूर घ्या. नळीत आधीच मेण धरलं असेल तर मात्र तो उपयोगाचा नाही, कारण तेल त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

आता बर्नर. घरगुती तेलाच्या बॉयलरमध्ये दोन जाती भेटतात. एकात तेल पसरट भांड्यात येऊन वाफ होऊन जळतं. जुन्या स्वयंपाकाच्या रेंजमध्ये आणि काही स्टोव्हमध्ये हा प्रकार असतो. त्यात फक्त रॉकेल. जड तेल घातलं तर भांड्यात कोळशाचे थर साचतात आणि काही आठवड्यांत ते विझायला लागतं. इथे चर्चा नाही. दुसरा प्रकार पंपाने दाब देऊन नोझलमधून फवारा मारणारा, आणि बहुतेक बॉयलर याच प्रकारचे. हे रॉकेल आणि जड तेल दोन्ही जाळू शकतात, पण एका मांडणीवर एकच.

मांडणी म्हणजे नोझल, दाब आणि हवा. नोझलवर आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ ०.६० आणि ६० अंश. पहिला आकडा ७ बार दाबाला तासाला किती अमेरिकी गॅलन तेल जाईल ते सांगतो, दुसरा फवाऱ्याचा कोन. ०.६० म्हणजे तासाला सुमारे २.२७ लिटर. दाब ७ वरून १० बारवर नेला तर प्रवाह दुप्पट-बिप्पट होत नाही, वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो: सुमारे २.७ लिटर. रॉकेलच्या हिशेबात जळणारी उष्णता २२ किलोवॉटवरून २६ वर जाते. तुमचा बॉयलर २२ चा असेल तर ही चार किलोवॉटची वाढ धुराड्यात जाते आणि काजळी होऊन भिंतीला बसते. इंधन बदललं आणि मांडणी तीच ठेवली तर असंच काहीतरी होतं. रॉकेल पातळ, त्याला साधारणपणे कमी दाब पुरतो. जड तेल नीट फुटायला जास्त दाब लागतो. नेमके आकडे बॉयलरच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात असतात, अंदाजाने लावू नका. रॉकेल पंपाला जड तेलाइतकं वंगण देत नाही. पंपाच्या पाटीवर रॉकेलचा उल्लेख नसेल तर पंप लवकर झिजतो, तेव्हा तेही बघून घ्या.

मांडणी झाल्यावर मोजमाप हवंच. धुराड्याच्या छिद्रात यंत्राची नळी घालून कार्बन डायऑक्साइड पाहायचा. घरगुती बर्नरवर तो साधारण ११-१२ टक्क्यांच्या आसपास हवा. कार्बन मोनॉक्साइड नगण्य हवा. आणि हातपंपाने धूर कागदातून ओढून डाग बघायचा. शून्य ते नऊच्या मापावर डाग शून्य किंवा फार तर एक. मेकॅनिक यंत्र न आणता 'ज्योत छान पिवळी आहे' म्हणत असेल तर त्याला चहा पाजा आणि दुसऱ्याला बोलवा. ज्योतीच्या रंगावरून हवा लावायचे दिवस गेले.

गंधकाचं प्रकरण थोडक्यात. तेलात गंधक असेल तर जळताना आम्ल तयार होतं, आणि ते गार पृष्ठभागावर उतरतं. रॉकेल असो वा जड तेल, काही प्रतींमध्ये गंधक १,००० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत हजार भाग) असू शकतं, चांगल्या प्रतीत ५० पीपीएम किंवा त्याहून कमी. वर्षाला २,००० लिटर रॉकेल म्हणजे १,६०० किलो धरा. पहिल्या प्रतीत त्यातलं गंधक १.६ किलो, दुसऱ्यात ८० ग्रॅम. ते कुठेतरी जाणारच: काही धुराड्यातून वर, काही बॉयलरच्या आतल्या पत्र्यावर. कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारा) असेल तर कमी गंधकाचंच तेल घ्या, यात तडजोड नको. तेलाच्या धुरातली वाफ साधारण ४७ अंशांच्या खाली पाणी होऊ लागते. त्या पाण्यातूनच कंडेन्सिंगचा फायदा मिळतो आणि त्याच पाण्यात आम्ल विरघळतं. परतीचं पाणी (घर तापवून बॉयलरकडे परत येणारं) ४७ च्या खाली येत नसेल तर तुमचा कंडेन्सिंग बॉयलर नावापुरताच आहे, हे जाता जाता सांगतो. उलट जुना, साधा बॉयलर असेल तर परतीचं पाणी इतकं गार ठेवू नका, नाहीतर आम्ल लोखंड खातं.

एचव्हीओबद्दल लोकांच्या मनात गोंधळ आहे, कारण तेही वनस्पतितेलापासून आणि बायोडिझेलही वनस्पतितेलापासून. दोन्ही अगदी वेगळे पदार्थ आहेत. एचव्हीओ करताना तेलावर किंवा वापरलेल्या तळणाच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून त्यातला ऑक्सिजन काढून टाकतात. उरतो तो शुद्ध पॅराफिन, म्हणजे डिझेलचीच जवळची जात. गंधक जवळजवळ नाही, वास नाही, वर्षानुवर्षं टिकतं, खनिज तेलात कोणत्याही प्रमाणात मिसळतं. प्रक्रियेत बदल करून त्याचा क्लाउड पॉइंट पार उणे ३० च्या खाली नेता येतो, पण सगळंच एचव्हीओ तसं नसतं, म्हणून इथेही दाखला मागा. कच्चा माल खरोखर टाकाऊ तेल असेल तर संपूर्ण साखळीत कार्बन उत्सर्जन ९० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं. पामतेलासाठी जंगल तोडून आणलेला माल असेल तर तो दावा पोकळ. कच्च्या मालाचा दाखला मागितल्यावर विकणारा कुरकुर करायला लागला की समजून घ्यायचं.

बर्नरच्या बाजूने पाहिलं तर एचव्हीओचा दाटपणा रॉकेलपेक्षा जड तेलाच्या जवळचा, घनता मात्र रॉकेलच्या जवळची. म्हणून रॉकेलवर लावलेल्या बर्नरमध्ये ते तसंच ओतून चालत नाही. नोझल आणि दाब बदलावा लागतो, हवा नव्याने लावावी लागते, आणि काही बर्नरमध्ये ज्योत ओळखणारा डोळासुद्धा बदलावा लागतो, कारण ज्योतीचा उजेड वेगळा असतो आणि जुना डोळा 'ज्योत नाही' समजून बर्नर बंद करतो. रबरी लवचीक नळी जुनी असेल तर त्याच वेळी बदला.

बायोडिझेल, म्हणजे एफएएमई, जड तेलात थोड्या प्रमाणात मिसळलेलं मिळतं. उबदार तळघरात, ताजं ताजं वापरलं तर ठीक. बाहेरच्या टाकीत ते चार बाजूंनी त्रास देतं. पाणी धरून ठेवतं, त्यात जंतू वाढतात आणि काळा चिकट गाळ फिल्टरमध्ये येतो. कच्च्या मालानुसार मेण फार लवकर धरतं: मोहरीच्या जातीच्या तेलाचं त्यातल्या त्यात बरं, पामतेल किंवा चरबीपासून केलेलं तर शून्याच्या वरच थिजू लागतं. जुनी रबरी सील फुगवतं. तांबं-पितळ लागलं की लवकर खराब होतं, आणि तुमची नळी तांब्याची आहे. शिवाय ते चांगलं विरघळवणारं असल्यामुळे जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटा करून एकदम फिल्टरमध्ये आणून सोडतं. स्वस्त मिळालं म्हणून भरलेल्या टाकीचा उपसा करण्यात वाचलेले पैसे जातात.

टाकीत काय कधीच ओतू नये, तेही सांगतो, कारण अडीअडचणीला माणूस काहीही करतो. पेट्रोल कधीच नाही, थोडंसंही नाही. रॉकेलची वाफ पेट घ्यायला निदान ३८ अंश लागतात, जड तेलाला ५५ च्या आसपास, पेट्रोलला उणे ४० सुद्धा पुरतं. थोडंसं मिसळलं तरी बॉयलरची खोली धोक्याची होते. गाडीचं जळालेलं इंजिन ऑइल नको, त्यातली राख आणि धातू नोझल बंद करतात आणि धूर विषारी होतो. कच्चं खाद्यतेल नको, ते रॉकेलपेक्षा वीसपट आणि त्याहून दाट असतं. उलट दिशेने, घर तापवायचं तेल गाडीत घालू नका: बऱ्याच देशांत त्यावर कर कमी असतो, म्हणून त्यात रंग घातलेला असतो आणि गाडीत सापडला तर दंड होतो.

टाकीत उरलेल्या तेलाचा तुमचा प्रश्न: रॉकेल आणि जड तेल एकमेकांत मिसळतात, स्फोट वगैरे काही होत नाही. पण बर्नरची मांडणी एकाच तेलाला असते. म्हणून बदल करताना आधीचं तेल शक्य तितकं जाळून टाका. टाकीत दहावा भाग उरेपर्यंत चालवा, त्याखाली नको, तळाचा गाळ वर येतो. मग नवं तेल भरून घ्या. भरताना आणि त्यानंतर निदान दोन तास बॉयलर बंद ठेवा. घुसळलेला गाळ बसू द्या. त्याच दिवशी फिल्टर, नोझल, दाब, हवा आणि मोजमाप एकाच भेटीत करून घ्या. आज तेल, पुढच्या आठवड्यात मेकॅनिक, असं केलं तर मधल्या आठवड्यात काजळी धरते. बॉयलरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून घ्या: इंधन कोणतं, नोझल कितीचं, दाब किती बार, तारीख. पुढच्या मेकॅनिकचा अर्धा तास वाचतो. आणि तेलाच्या पावतीवर 'हीटिंग ऑइल' एवढंच लिहिलेलं असेल तर प्रत लिहून मागा, त्या नावाखाली रॉकेलही येतं आणि जड तेलही.

भर हिवाळ्यात, बर्फाने रस्ता बंद असताना तेल संपलं, तर जड तेलावर लावलेल्या बर्नरला डब्यातून आणलेलं गाडीचं हिवाळी डिझेल तात्पुरतं चालतं, महाग पडतं एवढंच. रॉकेलवर लावलेल्या बर्नरला ते देऊ नका, धूर होईल. त्याला डब्यातलं रॉकेलच लागतं. तेल भरल्यावर पंपात हवा राहते, म्हणून पंपावरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून खाली भांडं धरा आणि बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत थांबा. नळीत मेण किंवा बर्फ असेल तर गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळा, उघडी ज्योत जवळ नेऊ नका. आणि लाल रिसेट बटण दोनदाच दाबायचं. दोन प्रयत्नांत पेटला नाही तर तिसऱ्यांदा दाबू नका. प्रत्येक वेळी न जळलेलं तेल आत फवारलं जातं, ते तळाशी साचतं, आणि मग कधीतरी पेट घेतो तेव्हा सगळं एकदम पेटतं. तेव्हा वीज बंद करा, टाकीची तोटी बंद करा आणि मेकॅनिकला फोन लावा.